मुकादमचा नवा मुक्काम

चौकातल्या जुन्या दुमजली इमारतीत खाली लॉन्ड्री आणि वर राहायची खोली, एवढाच इस्त्रीकाकांचा पसारा. खऱ्या नावाने त्यांना हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. गिऱ्हाइकांचे ते इस्त्रीकाका, लेकीचे बाबा आणि बायकोचे 'अहो'. गेल्या हिवाळ्यात बायको गेली, आणि ती हाकही तिच्याबरोबर गेली.

लॉन्ड्रीत काकांचा एक नियम होता. मळकं घेऊन कुणाच्या दारात जायचं नाही. शर्ट आठवडाभर अंगावर वागवलेला असो की तासभर घातलेला, काउंटरवर आला की तो मळका. मग सोडा, नीळ, खळ आणि इस्त्री या वाटेने गेल्याशिवाय त्याची सुटका नसे. घरच्या कपड्यांनाही तोच न्याय. कुणाला भेटायला निघायचं झालं तर काका खिशातल्या हातरुमालाचीसुद्धा जुनी घडी मोडून नवी घालत.

"एक दिवस मलाही सोड्यात बुडवाल," बायको म्हणायची.

"बुडवलं असतं," काका इस्त्रीवरची नजर न काढता म्हणायचे, "पण तू लोकर आहेस. आटशील."

त्या दोघांच्या मध्ये एक मांजर होती. काळी, पोटाशी थोडी पांढरी. एका थंडीत इस्त्रीच्या उबेला म्हणून दुकानात शिरली ती शिरलीच. धुतलेल्या कपड्यांचा सगळ्यात उंच गठ्ठा शोधून ती त्याच्यावर चढून बसायची आणि खाली चाललेलं काम डोळे बारीक करून बघायची. काकांचा जीव वरखाली व्हायचा. पांढऱ्या शर्टावर काळा केस म्हणजे त्यांच्या लेखी अब्रूवरच डाग. ते हाकलायला उठले की बायको म्हणायची, "बसू द्या हो. मुकादम आहेत त्या. हजेरी घेतायत सगळ्यांची."

तेव्हापासून ती मुकादम झाली.

मुकादम बायकोची होती, काकांची नव्हे. दुपारी गिऱ्हाईक नसताना बायको स्टुलावर बसून बटणं लावायची. अंगात तो तपकिरी स्वेटर, मांडीवर मुकादम. मांजर पुढच्या दोन पंजांनी स्वेटर पीठ मळल्यासारखी मळत राहायची, आणि बायको तिला रागवायच्या मिषाने तिच्याशी तासन् तास बोलायची. काकांचं आणि मुकादमचं बोलणं कामापुरतं. काका म्हणायचे, "बाजूला हो." ती व्हायची. संपला व्यवहार.

बायको गेल्यावर काका तिला दूध घालत, मासळीचा तुकडा घालत. ती खायची आणि जाऊन आपल्या वेताच्या टोपलीत बसायची. मांडीवर मात्र ती कधी आली नाही, आणि काकांनीही कधी बोलावली नाही.

मग इमारतीच्या मालकाने सांगितलं की इमारत पाडायची आहे. काका तसे थकलेच होते. लेक आणि जावई भाजीबाजाराच्या पलीकडच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचे. लेक येऊन म्हणाली, "बाबा, मागची खोली तुमचीच आहे. नाही म्हणायचं नाही."

"मुकादम आहे," काका म्हणाले.

"मुकादमचीही आहे."

दुकान बंद करण्याआधी काकांनी शेवटची भट्टी लावली ती स्वतःच्या घरासाठी. अंथरूण-पांघरूण, गाद्यांचे अभ्रे, पडदे, पायपुसणी, टॉवेल, काहीही सुटलं नाही. मुकादमच्या टोपलीतली उशी सोड्यात उकळून निघाली. टोपली ब्रशने घासून उन्हात वाळवली. जावई बस चालवायचा. सुट्टीच्या दिवशी सामान हलवायला आला आणि कडक घड्यांचे ते ढीग बघून दारातच थांबला.

"बाबा, तुम्ही आमच्याकडे राहायला येताय की प्रदर्शनात माल मांडायला?"

"मळकं घेऊन कुणाच्या दारात जात नाही मी, जावईबापू."

"बघा, आमच्या घरात आम्हालाच सोवळ्यात राहावं लागेल," जावई म्हणाला आणि हसत हसत ट्रंक उचलून खाली गेला.

मुकादमला टोपलीत बसवून, वर झाकण बांधून नेलं. सगळ्या रस्त्यात ती ओरडली नाही. काकांना वाटलं, शहाणी आहे.

नव्या घरात झाकण उघडल्यावर ती बाहेर आली, मान लांब केली आणि हुंगायला लागली. आधी टोपलीतली आपली उशी हुंगली. मग पलंगावरची चादर, मग खिडकीचा पडदा. दरवेळी ती मान मागे घ्यायची, जणू काही चुकून दुसऱ्याच्या ताटाशी बसलो असं एखाद्याला वाटावं. शेवटी पोट जमिनीला घासत ती न्हाणीघराजवळच्या कपडे धुण्याच्या यंत्रामागे गेली आणि तिथेच बसली.

"मुकादमांनी संप पुकारला वाटतं," जावई म्हणाला.

"होईल सवय," लेक म्हणाली.

पण सवय होईना. दूध तसंच राही, त्यावर साय धरे. मासळी वाळून जाई. संध्याकाळी यंत्रामागून एक बारीक, लांबलेला आवाज यायचा आणि तिघं एकमेकांकडे न बघता जेवायची. काका जमिनीला गाल लावून यंत्राखाली बघत. दोन डोळे चमकत, एवढंच. एकदा त्यांनी हात घालून तिला ओढून काढलं. तिने मनगटावर ओरखडा काढला आणि पुन्हा आत गेली. वरच्या मजल्यावरची शेजारीण चौकशीला आली तेव्हा म्हणाली, "काका, मांजरांचं मन माणसात नसतंच मुळी, भिंतींत असतं. द्या सोडून जुन्या जागी. बघेल तिचं ती."

"जुन्या जागी भिंती राहणार नाहीयेत, बाई," काका म्हणाले.

लेक बघत होती. काकाही अर्ध्या पोळीवर हात धुवत होते. पलंगाच्या कडेला बसून राहत. नव्या खोलीत दार कुठे, दिव्याचं बटण कुठे, हे अजून त्यांना बघावं लागे. ती जावयाला हळू आवाजात म्हणाली, "एक यंत्रामागे आणि एक पलंगावर. मी कुणाकुणाची समजूत घालू?"

एका सकाळी दूधवाल्यासाठी दार उघडलं आणि लेकीच्या पायांमधून काहीतरी काळं सटकलं. जिन्यावरून खाली, फाटकातून बाहेर. लेक ओरडेपर्यंत मुकादम दिसेनाशी झाली होती.

काकांनी चपला घातल्या. लेक म्हणाली, "थांबा, हे कामावरून आले की शोधू." काका थांबले नाहीत. कुठे शोधायचं हे त्यांना माहीत होतं. भाजीबाजारातून जाताना ते गाड्या, सायकली, हातगाड्यांची चाकं बघत राहिले. एवढं सगळं ती जमिनीलगत ओलांडून गेली असेल.

चौकातल्या इमारतीच्या खिडक्या काढून झाल्या होत्या. मजूर वरच्या मजल्यावर कौलं उतरवत होते. लॉन्ड्रीचं फळ्यांचं दार कुणीतरी उचकटून नेलं होतं. आत काउंटर होता, त्याच्यावर चुन्याचा बोटभर थर. आणि काउंटरमागे, बायकोचं स्टूल जिथे असायचं त्या जागी, धुळीने पांढरी झालेली मुकादम बसली होती. स्टूल नव्हतं. ती रिकाम्या जागेच्या शेजारी, वर मान करून बसली होती.

"ओ आजोबा, बाहेर व्हा! वरून कौल पडेल!" वरून मजूर ओरडला.

काका बाहेर झाले नाहीत. खाली बसले. मुकादमने त्यांच्याकडे बघितलं आणि पळाली नाही. त्यांनी तिला उचललं तेव्हा ती हातात कापडाच्या बोळ्यासारखी हलकी लागली. अंगावरच्या सदऱ्यावर चुना लागला, केस लागले, पंजांची माती लागली. तसेच ते भर बाजारातून चालत आले. कुणी ओळखीचं भेटलं तरी त्यांना कळलं नसतं.

दुपारी ते तिला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तरुण, हात सावकाश चालवणाऱ्या. त्यांनी मुकादमचं पोट चाचपलं, डोळे बघितले.

"आजार काही नाही. पण खाल्लं नाही तर होईल. मांजर उपाशी राहिली की लिव्हर बिघडतं, आणि मग आवरत नाही. फार वाट बघू नका."

"काय करू?"

"पूर्ण घर एकदम देऊ नका तिला. एकच खोली द्या, दार लावून. खाणं रोज त्याच वेळी, त्याच वाटीत. ओढून बाहेर काढायचं नाही. तुम्ही नुसतं शेजारी बसून आपलं काही काम करत राहा. तिला ती खोली आपली वाटली की मग हळूहळू दार उघडा." त्यांनी हात पुसले. "आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या घरातलं काहीतरी न धुतलेलं तिच्याजवळ ठेवा. आपण घर डोळ्यांनी ओळखतो, ती नाकाने ओळखते."

काका स्वतःच्या हातांकडे बघायला लागले.

"काय झालं?"

"मी लॉन्ड्रीवाला आहे, बाई. आमच्याकडे न धुतलेलं काही नसतं."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, मग काकांचा चेहरा बघून ते थांबलं. "तिची उशी?"

"सोड्यात उकळली."

"चादरी, पडदे?"

"खळ दिली."

"म्हणजे तिच्या लेखी घरातलं काहीच आलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "बरं, तुमचा अंगातला बनियन ठेवून बघा."

घरी आल्यावर काकांनी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. मुकादम पलंगाखाली गेली. त्यांनी अंगातला बनियन काढून तिच्यासमोर सरकवला. तिने तो हुंगला आणि भिंतीकडे तोंड केलं. काकांना राग आला नाही. जन्मभर सोडा आणि खळीत बुडालेला माणूस तो, त्याला स्वतःचा असा वास कुठून असणार? दुसऱ्या दिवशीही दुधाची वाटी तशीच राहिली. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं औषध तिने ओकून टाकलं. तिच्या पाठीचा कणा आता केसांतून दिसायला लागला होता.

खरं सांगायचं तर काका दवाखान्यात खोटं बोलले होते. न धुतलेली एक वस्तू त्यांच्याकडे होती.

बायकोला दवाखान्यात नेलं त्या सकाळी तिने तपकिरी स्वेटर काढून दारामागच्या खिळ्याला अडकवला होता. "येऊन घालते," म्हणाली होती. ती परत आली नाही. नंतर काकांनी तिचे सगळे कपडे धुतले, इस्त्री केले, वाटून टाकले. स्वेटर मात्र हातात घेऊन ते भट्टीपर्यंत गेले आणि परत आले. धुतलेले सूट ज्या पारदर्शक पिशवीत घालून गिऱ्हाइकाला देत, तशा एका पिशवीत त्यांनी तो मळका स्वेटर घातला, तोंड सुतळीने घट्ट बांधलं आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवला. नियम मोडला तो एवढाच. लेकीलाही माहीत नव्हतं.

कधीतरी, अगदी राहवेना तेव्हा, ते सुतळी सोडून पिशवीत नाक घालत. डोक्याचं तेल, साबणाचे हात, थोडा इस्त्रीचा धूर, आणि या सगळ्याखाली ती. लगेच बांधून टाकत. डाग काय, धरून बसतो, त्याच्याशी झगडता येतं. वास बसत नाही. पिशवी उघडली की थोडा जातो, आणि गेलेला परत आणायची कुठलीच भट्टी नाही. म्हणून काका तो वास काटकसरीने वापरत.

आता ट्रंक उघडून काका जमिनीवर बसले होते. पिशवी मांडीवर. स्वेटर मांजरीला दिला तर आठवड्याभरात तो मांजरीचा होईल, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी ट्रंकेतली कात्री घेतली. एक बाही कापून ठेवावी, बाकीचा तिला द्यावा. कात्रीचं पातं खांद्याच्या शिवणीपर्यंत आलं. आयुष्यात त्यांनी कुणाच्या कपड्याला कात्री लावली नव्हती. आणि हे तर विणकाम, कापलं की उसवत जाणार. बाहीही राहणार नाही आणि स्वेटरही.

पलंगाखालून तो बारीक आवाज आला. आता तो पहिल्याइतका लांबतही नव्हता.

काकांनी कात्री बाजूला ठेवली. स्वेटर पिशवीतून पूर्ण बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी तोंडावर धरला. या वेळी काटकसर केली नाही. मग त्यांनी तो पलंगाखाली ठेवला. हातांच्या सवयीने घडी घालायला गेले होते, ती मोडून नुसताच पसरला.

डॉक्टरीणबाईंनी काम करत राहायला सांगितलं होतं. काकांनी जावयाचे शर्ट काढले, टेबलावर घोंगडी टाकली आणि पलंगाकडे पाठ करून इस्त्री सुरू केली. पाण्याचा शिडकावा, इस्त्रीचा धप्प आवाज, कॉलर, बाह्या, पाठ. दुकानात दुपारी असायचे तेच आवाज. मागे बघायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. दुसऱ्या शर्टाच्या वेळी मागे काहीच हललं नाही. तिसऱ्याच्या वेळी लोकरीवर नखं अडकल्याचा कट्कट् आवाज आला. मग एका लयीत, थांबत थांबत, मळण्याचा. काकांच्या हातातली इस्त्री शर्टावर तशीच थांबली आणि कापड करपल्याचा वास आला तेव्हा ते भानावर आले.

दिवस मावळायच्या आत दुधाची वाटी रिकामी होती.

जावयाने संध्याकाळी शर्टाच्या पाठीवरचा इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग बघितला. बोलायला तोंड उघडलं, मग सासऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "बसमध्ये पाठ सीटलाच टेकलेली असते, बाबा. कोण बघतंय?"

त्यानंतर सगळं हळूहळू झालं. मुकादम आधी पलंगाखालून खिडकीपर्यंत आली. मग काकांनी दार बोटभर उघडं ठेवलं, मग हातभर. ती यंत्राजवळ गेली तरी त्याच्यामागे गेली नाही. एका दुपारी काका इस्त्री करत असताना ती टेबलावर चढली आणि धुतलेल्या गठ्ठ्यावर बसून त्यांचं काम बघायला लागली. "बाजूला हो," काका सवयीने म्हणाले. ती झाली नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

काकांचंही जेवण वाढलं. दिव्याचं बटण आता बघावं लागत नव्हतं. पलंगाखालच्या स्वेटरला त्यांनी एकदाच वाकून नाक लावलं. मांजर होती, दूध होतं, धूळ होती. बाकी काही नव्हतं. ते उठून उभे राहिले आणि खिडकीशी बराच वेळ थांबले.

लेकीला तो स्वेटर दिसला सुट्टीच्या दिवशी, धुणं गोळा करताना. "बाबा, हे काय पलंगाखाली? किती मळलंय! मशीनमध्ये टाकते."

काकांनी इस्त्री उभी केली. "ते राहू दे."

"दूध सांडलंय त्याच्यावर. केसच केस झालेत."

"राहू दे म्हटलं ना. मळकंच राहू दे."

वडिलांच्या तोंडून हा शब्द असा आलेला लेकीने जन्मात ऐकला नव्हता. तिने हातातली लोकर उलटी केली. कोपराला वेगळ्या रंगाच्या धाग्याने घातलेलं ठिगळ होतं. शाळेत असताना तिनेच ते शिकून घातलं होतं. ती होती तिथेच खाली बसली आणि स्वेटर तोंडाशी धरला.

"हा धुतलाच नव्हता तुम्ही?"

"नाही."

"मांजराचाच वास येतोय नुसता."

"हो."

"आणि आईचा?"

"होता," काका म्हणाले. "बरेच महिने होता. कामी आला."

लेकीने ठिगळावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मलाही एकदा द्यायचा होतात, बाबा."

तो वास जाणार हे काकांना ठाऊक होतं. तो आणखी कुणाला हवा असेल, हे मात्र त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. बांधलेली पिशवी, तिची सुतळी, ती उघडायच्या त्यांच्या मोजक्या वेळा, सगळं त्यांनी एकट्यानेच केलं होतं.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

लेकीने मान हलवली, हो अशी की नाही अशी ते त्यांना कळलं नाही. मुकादम टेबलावरून उतरली. स्वेटर जमिनीवर नाही हे बघून ती लेकीच्या गुडघ्याशी आली, हुंगलं, आणि मांडीवर चढली. दोन पंजे लोकरीत रुतवून ती मळायला लागली. लेक हलली नाही. डोळे पुसायलासुद्धा तिने हात उचलला नाही.

"बसू दे तिला," काका म्हणाले. "तू उठू नकोस. धुणं मी लावतो."

त्यांनी जमिनीवर पडलेल्या चादरी, टॉवेल, जावयाचे शर्ट उचलले, स्वेटरला वळसा घालून दारापर्यंत गेले, आणि बाकीचं सगळं मशीनमध्ये टाकलं.